पित्त, पाणी आणि चिमूटभर मीठ

मॉयल कंपनीच्या भूमिगत मँगनीज खाणीचं गाव म्हणून चिखला ओळखलं जातं. मी मात्र तिथे मासळीवालीसमोर उकिडवा बसलो होतो. पावशी पायाखाली दाबून तिनं रोहूचं पोट फाडलं, आतडी सारली आणि काळजाला चिकटलेली हिरवीगार पिशवी दोन बोटांनी अलगद सोडवली. एरवी झपाझप चालणारा हात इथे थबकतो. "हे फुटलं त् सारं कडू होते जी," ती म्हणाली, "मंग मीठ चोळा का लिंबू."

ती पिशवी मी मागून घेतली. पेलाभर पाण्यात फोडली, जवसाच्या तेलाचा थेंब टाकून हलवलं. फेस आला, तेल बारीक कणांत फुटून पाणी गढूळलं. हे काम पित्तक्षारांचं.

साबणाच्या रेणूला डोकं आणि लवचीक शेपूट असतं. शांपूतल्या सोडियम लॉरिल सल्फेटचे साठेक रेणू शेपट्या आत घेऊन एक गोळा बनवतात. पित्तक्षाराचा रेणू ताठ आणि चपटा, एकाच बाजूला तूप लावलेल्या भाकरीसारखा. सोडियम कोलेट या पित्तक्षाराचे साध्या पाण्यात जेमतेम दोन-चार रेणू तुपाच्या बाजूंनी एकमेकांना चिकटतात. मोठा जमाव होत नाही, कारण हा ताठ, चपटा आकार; शिवाय प्रत्येकावर ऋणभार असतो आणि ते एकमेकांना ढकलतात. मीठ टाकलं की सोडियमचे आयन मध्ये येतात, ढकलाढकली कमी होते. गट लवकर जमतात आणि वाढतात. डीऑक्सिकोलेट या दुसऱ्या पित्तक्षाराचं तर विचारूच नका! खारट, किंचित आम्लाकडे झुकलेल्या पाण्यात त्याचे लांबच लांब धागे होतात आणि द्रावण जेलीसारखं थिजतं. युरिया उलट वागतो, जमलेल्यांना पांगवतो.

आणि लिंबू? कोलेटच्या पाण्यात पुरेसं पिळलं तर भार जाऊन कोलिक आम्लाचा पांढरा साका बसतो. पण रोहूच्या पित्तात मुख्यतः सायप्रिनॉल सल्फेट असतं. त्याचा भार लिंबाला दाद देत नाही. मीठही रेणूंना जवळ आणतं, संपवत नाही. मासळीवाल्या मावशीचं म्हणणं खरंच, मीठ चोळा का लिंबू, कडूपणा जात नाही. माझ्या मते हिरवा डाग पडलेला तुकडा सरळ कापून टाकावा आणि बाकीचं भरपूर पाण्यानं धुवावं.

डाग पडला तर चवच बिघडते. पण काही जण औषध समजून हे पित्त मुद्दाम गिळतात, तो प्रकार भयंकर आहे. सायप्रिनॉल सल्फेटनं मूत्रपिंडं निकामी होतात, आणि शिजवूनही ते विष मरत नाही. आपल्या देशात अशा रुग्णांना डायलिसिसवर ठेवावं लागलं आहे.