काळ्या झग्यातली हवा

ओमानला जायचं ठरलं की बॅग भरताना घरोघरी एकच वाद होतो. एक पक्ष म्हणतो, तिथं मरणाचा उकाडा आहे, तोकडे कपडे घ्या. दुसरा म्हणतो, मुस्लिम देश आहे, अंगभर कपडे लागतील. मग बॅगेत दोन्ही जातं: बिनबाह्यांचे टॉप आणि वर चढवायला जाड जॅकेट. शरीरशास्त्राला विचारलं, तर या वादात ते दुसऱ्या पक्षाकडे झुकेल, फक्त जॅकेट बाहेर काढायला लावेल.

आपल्या त्वचेचं तापमान उन्हाळ्यात ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर उघड्या अंगाला वारा सुखावतो. पारा ४२ वर गेला, की तोच वारा अंग तापवायला लागतो आणि डोक्यावरचं ऊन वेगळंच. अशा वेळी शरीराकडे घाम हा एकच उपाय उरतो. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. निथळून खाली पडलेला घाम मात्र वाया गेला.

१९८० साली ‘नेचर’मध्ये अमिरम श्कोल्निक, रिचर्ड टेलर आणि सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला. प्रश्न साधा होता: बेदुइन लोक वाळवंटात काळे झगे का घालतात? नेगेव्हच्या वाळवंटात ३५ ते ४६ अंशांच्या उन्हात एका माणसाला उभं केलं. कधी काळा झगा, कधी पांढरा झगा, कधी लष्करी गणवेश, तर कधी नुसती अर्धी चड्डी. काळ्या कापडाने पांढऱ्यापेक्षा जास्त उष्णता शोषली, यात नवल नाही. पण माणसाच्या अंगापर्यंत पोचलेली उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच निघाली. झगा आणि अंग यांच्यामधली जागा धुराड्यासारखी चालते. तापलेली हवा वर सरकून बाहेर पडते, वाऱ्याने झगा हलला की नवी आत येते, आणि जादा उष्णता त्वचेला लागण्याआधीच निघून जाते.

यावरून ‘काळं कापड थंड असतं’ असं सांगणारे महाभाग भेटतात. प्रयोग तसं म्हणत नाही. झगा ढगळ होता आणि हवा वाहती होती, म्हणून रंगाचं महत्त्व उरलं नाही. जीन्सवर चढवलेल्या काळ्या पॉलिएस्टरच्या अबायाला, म्हणजे बायकांच्या अंगभर झग्याला, हा दाखला लागू होत नाही. आखातात पुरुषांच्या वाट्याला पांढरं आणि बायकांच्या वाट्याला काळं का, याचं उत्तरही त्यात नाही. ते समाजात शोधावं.

ओमानची दुसरी अडचण म्हणजे किनारा. मस्कतची हवा रियाधसारखी कोरडी नसते. जून २०१८ मध्ये किनाऱ्यावरच्या कुरियातला चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. समुद्राची वाफ भरलेल्या हवेत घाम वाळायला वेळ लागतो. तिथं ‘सुती म्हणजे उत्तम’ हा आपला ठाम समज थोडा सैल करावा. सुती धागा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे जाड सुती कापड एकदा भिजलं की अंगाला चिकटतं आणि मधली हवेची जागाच संपते. पातळ सुती, लिनन किंवा चटकन वाळणारं सैल मिश्र कापड बरं. डेनिम घरीच राहू द्या. अगदी झिरझिरीत पांढरा टी-शर्टही फसवा असतो: अतिनील किरणांचा बराच हिस्सा त्यातून आत येतो, भिजल्यावर आणखी, आणि तो पारदर्शक होतो ते वेगळंच.

म्हणजे खरेदीची फारशी गरज नाही. आपल्या कपाटातला लांब बाह्यांचा ढगळ कुर्ता आणि सलवार हे सगळं आधीच सांभाळतात. लेगिंग्ज तेवढी वगळा. पुरुषांनी सैल पँट आणि एक माप मोठा शर्ट घ्यावा. मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीत बिगर-मुस्लिमांना शुक्रवार सोडून सकाळी प्रवेश असतो. तिथं बायकांना केस, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकावे लागतात, तर पुरुषांना अर्धी चड्डी चालत नाही. ओढणी मोठी, न घसरणारी घ्यावी. ती मॉलमध्येही लागेल: घामाने भिजलेल्या अंगावर तिथला एसी अक्षरशः हुडहुडी भरवतो.