सिम्युलेटर की घरची प्रयोगशाळा? नेटवर्किंगच्या पहिल्या परीक्षेची तयारी

मेळाव्यासाठी शाळेत आलो की जेवणानंतर एखादे पालक आम्हांला हमखास बाजूला घेतात. त्यांचा मुलगा नुकताच बारावी झालेला असतो, किंवा मुलगी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला असते. "नेटवर्किंगची परीक्षा द्यायची म्हणते. क्लासवाले सांगतात, घरी राउटर-स्विचचा संच घ्या, नाहीतर जमायचे नाही. घ्यावा का?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे हातउसने आणलेले पैसे असतात, क्वचित गहाण ठेवलेला दागिनाही असतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर सविस्तर द्यावे, असे आम्ही ठरविले.

आम्ही दोघे याच शाळेच्या वसतिगृहात वाढलो आणि आज दोघेही नेटवर्किंगच्या क्षेत्रात काम करतो. आमच्यापैकी एकाने परीक्षेची सारी तयारी संगणकावरील सिम्युलेटरवर केली. दुसऱ्याने जुनी उपकरणे विकत घेऊन घरीच प्रयोगशाळा मांडली. प्रमाणपत्र दोघांनाही मिळाले, पण वाटेत दोघेही एकेकदा तोंडघशी पडलो. त्या दोन्ही अनुभवांवर हा लेख उभा आहे.

प्रथम परीक्षेविषयी. ज्या परीक्षेबद्दल आम्हांला सर्वाधिक विचारले जाते ती सिस्को कंपनीची 'सीसीएनए'. तिचा क्रमांक २००-३०१ असून या स्वरूपात ती फेब्रुवारी २०२० पासून घेतली जाते. वेळ १२० मिनिटांची. परीक्षेला बसण्यासाठी औपचारिक पूर्वअट नाही, आणि मिळालेले प्रमाणपत्र तीन वर्षे ग्राह्य राहते. शुल्क ३०० डॉलर आहे. कर धरता ते पंचवीस हजार रुपयांच्या वर जाते, आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा तेवढेच भरावे लागते. अभ्यासक्रमाची वाटणी अशी: नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, स्विच व वायरलेस जोडणी २० टक्के, आयपी पत्ते आणि मार्गनिवड २५ टक्के, आयपी सेवा १० टक्के, सुरक्षेची मूलतत्त्वे १५ टक्के आणि स्वयंचलन १० टक्के. पर्यायी प्रश्नांबरोबरच प्रत्यक्ष कमांड देऊन सोडविण्याचे प्रश्नही त्यात असतात. म्हणजे नुसते पाठांतर पुरत नाही. हाताला सवय हवी. वाद आहे तो एवढाच की ही सवय कोठे लावावी.

सिम्युलेटर म्हणजे खऱ्या उपकरणांच्या वागण्याची नक्कल करणारी संगणक-प्रणाली. सिस्कोचीच 'पॅकेट ट्रेसर' ही प्रणाली त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदविले की विनामूल्य मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. पडद्यावर राउटर, स्विच, संगणक मांडावेत, केबलींनी जोडावेत आणि कमांड द्याव्यात. तिचा सर्वांत मोठा गुण मात्र वेगळाच आहे. तिच्या 'सिम्युलेशन' प्रकारात संदेशाचे पाकीट एकेक पाऊल टाकताना डोळ्यांना दिसते. ते मध्येच थांबवून उघडता येते आणि आत कोणता पत्ता लिहिला आहे हे वाचता येते. नवख्याला नेहमी पडणारा प्रश्न घ्या: दोन संगणकांमधला पहिला 'पिंग' अनेकदा का फसतो आणि दुसरा का पोहोचतो? पॅकेट ट्रेसरमध्ये दिसते की, संदेश निघण्यापूर्वी समोरच्याचा हार्डवेअर पत्ता विचारणारी 'एआरपी'ची हाक जाते आणि तिचे उत्तर येईपर्यंत पहिला संदेश खोळंबतो किंवा वाया जातो. खऱ्या उपकरणात हे घडते, पण असे दिसत नाही.

आता तिची मर्यादा. सिम्युलेटरला जेवढ्या कमांड शिकविल्या आहेत तेवढ्याच समजतात. आणि त्यातली केबल कधी खराब होत नाही. आमच्यातला सिम्युलेटरवाला पहिल्या नोकरीवर गेला तेव्हा एका कार्यालयातला एक संगणक नेटवर्कमध्ये सारखा येत-जात होता. त्याने तासभर स्विचची मांडणी तपासली. व्हीलॅन बरोबर, पत्ता बरोबर, पोर्ट चालू. शेवटी सोबतच्या वायरमनने केबलचे टोक उजेडात धरले: आठ तारांपैकी एक तार कनेक्टरच्या धातूच्या दातापर्यंत पोहोचलीच नव्हती. वायरमनने ते टोक कापून दोन मिनिटांत नवे बसविले. प्रमाणपत्र खिशात असताना पक्कड कशी धरावी हे ठाऊक नसल्याची लाज आम्ही विसरलेलो नाही.

दुसऱ्याची कहाणी उलटी. त्याने जुन्या बाजारातून तीन राउटर आणि दोन स्विच आणले. पहिली रात्र काळ्या पडद्याकडे पाहण्यात गेली, कारण कन्सोल केबलची गती ९६०० वर ठेवायची असते हे त्याला माहीत नव्हते. मग कळले की स्विचवर आधीच्या मालकाचा पासवर्ड तसाच आहे. पुढचा 'मोड' खटका दाबून धरून स्विच सुरू करायचा आणि जुनी मांडणी बाजूला सारायची, ही विद्या त्याने तेव्हा कमावली. ती आजही कामी येते. तारांचा क्रम त्याला बोटांनीच पाठ झाला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबल जोडल्यावर पोर्टचा दिवा सुमारे अर्धा मिनिट नारिंगी का राहतो, हेही त्याने प्रत्यक्ष पाहिले: आपल्यामुळे नेटवर्कमध्ये गोल फेरा तर तयार होत नाही ना, याची खात्री स्विच त्या वेळात करून घेतो.

पण एका खोलीच्या घरात त्या पंख्यांचा आवाज एवढा की रात्री दहाला आई सारे बंद करायला लावी. उपकरणे जुनी, त्यांची प्रणालीही जुनी. अभ्यासक्रमातल्या नव्या गोष्टी त्यांवर करता येत नसत. जोडाजोडीत महिने गेले आणि जे कागदावरच शिकायचे ते मागे राहिले. एका नेटवर्कचे २५६ पत्ते चार समान भागांत वाटले तर प्रत्येकी ६४ येतात. त्यांतला पहिला त्या भागाच्या ओळखीसाठी आणि शेवटचा सर्वांना उद्देशून असलेल्या संदेशासाठी राखीव, म्हणून उपकरणांना ६२ उरतात. हे गणित परीक्षेत काही सेकंदांत सुटावे लागते. त्याला ते सुटले नाही. पहिल्या प्रयत्नात तो अनुत्तीर्ण झाला आणि उपकरणांच्या खर्चावर शुल्काचा भुर्दंड बसला.

या दोहोंमध्ये एक तिसरी वाट आहे, ती एम्युलेटरची. 'जीएनएस-३' किंवा 'ईव्ह-एनजी' यांवर उपकरणाची नक्कल नव्हे, तर त्याची खरी कार्यप्रणालीच संगणकात चालते. त्यासाठी अधिक मेमरीचा संगणक लागतो, आणि सिस्कोची कार्यप्रणाली फुकट वाटण्यासाठी नसते. कोणी पेनड्राइव्हवर देऊ केली तरी घेऊ नये. सिस्कोच्याच 'मॉडेलिंग लॅब्ज'ची पाच उपकरणांपर्यंतची विनामूल्य आवृत्ती उपलब्ध आहे. तिथूनच सुरुवात करणे योग्य. परंतु ही पायरी पॅकेट ट्रेसर पचल्यानंतरची.

आमचे उत्तर असे. आरंभ वही-पेन्सिलीने करावा: रोज सकाळी दहा उदाहरणे पत्त्यांच्या वाटणीची, उत्तर अडखळत येईनासे होईपर्यंत. त्याच्या जोडीला पॅकेट ट्रेसर. त्यात धड्याप्रमाणे नेटवर्क उभारणे हा अर्धाच अभ्यास. उरलेला अर्धा दोघांनी मिळून करायचा. एकाने चालते नेटवर्क गुपचूप बिघडवावे: कोठे सबनेट मास्क चुकवावा, कोठे ट्रंकवरून एक व्हीलॅन काढून टाकावा, कोठे पोर्ट बंद करून ठेवावे. दुसऱ्याने केवळ 'शो'ने सुरू होणाऱ्या कमांड वापरून दोष शोधावा आणि मगच दुरुस्त करावा. वसतिगृहात आम्ही एकमेकांचे पाढे असेच धरत होतो. नोकरीत नवे नेटवर्क उभारण्याचे काम क्वचित येते; बिघडलेले दुरुस्त करण्याचे रोज येते.

खर्च करायचाच असेल तर तो परीक्षेला दोन महिने उरले असताना करावा, आणि थोडाच करावा: कमांड स्वीकारणारा एक जुना स्विच, एक कन्सोल केबल, एक क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर, काही मीटर केबल आणि मूठभर कनेक्टर. राउटरांचा संच घेण्याची गरज नाही. स्विच विकत घेण्यापूर्वी दुकानातच चालू करून पाहावा. पहिली दहा टोके बिघडतील, बिघडू द्यावीत. उरलेले पैसे परीक्षेच्या शुल्कासाठी जपून ठेवावेत.

पालकांना एक स्पष्ट सांगणे आहे. हे प्रमाणपत्र नोकरीची हमी नव्हे; ते मुलाखतीच्या खोलीपर्यंत नेते. पुढे मुलाला विचारले जाते, "हे बंद पडले तर आधी काय पाहाल?" त्याचे उत्तर महागड्या संचातून येत नाही, केलेल्या दुरुस्त्यांमधून येते.

आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या कार्यालयांतून दर काही वर्षांनी स्विच आणि राउटर बाद होतात. वरिष्ठांची लेखी परवानगी घेऊन आणि आतली सारी मांडणी पुसून त्यांतला एखादा शाळेच्या संगणक कक्षाला द्यावा. प्रत्येक घराने वेगळा संच घेण्यापेक्षा शाळेत एक फळी भरलेली असणे बरे. ती भरली तर सुट्टीतले चार दिवस मुलांबरोबर तिथे बसण्याची जबाबदारी आम्ही दोघे घेतो.