डोह म्हणजे नदीची कणगी



गटांच्या बैठकांना गेलं की नदीकाठच्या गावांत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "पूर्वी पहिल्या पावसात टोपलीभर मासे यायचे, आता कालवणापुरतेही मिळत नाहीत." असं का झालं?

आपण कणगीत बियाणं राखून ठेवतो. कितीही अडचण आली तरी ते दळून खात नाही. नदीचं बियाणं डोहात असतं. उन्हाळ्यात धार आटली की मासे, खेकडे, कासवं डोहाच्या आसऱ्याला जातात. पाऊस सुरू झाला की अंड्यांनी भरलेले मासे उलट्या धारेने वर चढतात आणि ओढ्यात, भातखाचरात अंडी घालतात. हेच आपले चढणीचे मासे. डोहात विष टाकलं किंवा सुरुंग उडवला, तर मोठ्यांबरोबर पिल्लंही मरतात. चढणीचे सगळेच मासे धरले, तर पुढच्या वर्षीचं बियाणंच संपलं!

वाळू आणि काठची झाडंही तितकीच महत्त्वाची. वाळू पाणी धरून ठेवते, त्यावर काठच्या विहिरी टिकतात. उंबर, करंज, जांभूळ यांची मुळं काठ सांभाळतात, सावली पाणी गार ठेवते. वाळू उपसली की विहिरीचं पाणी खाली जातं आणि हंडा घेऊन लांब कोण जातं? आपणच ना!

महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणा नदीत देवाचे म्हणून मासे धरत नाहीत. इतर ठिकाणी कमी झालेला महासीर तिथे टिकून आहे. एक डोह राखला तर काय होतं, ते यावरून कळतं.

मग आपण काय करायचं?

• गावातला एक डोह राखीव ठेवायचा ठराव ग्रामसभेत मांडा.
• अंड्यांनी भरलेला मासा धरला गेला, तर परत सोडा.
• कपडे, भांडी धारेत धुऊ नका. पाणी काढून काठापासून लांब धुवा.
• २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. आपल्या समितीत कोणत्या महिला आहेत, ते विचारा. लोक जैवविविधता नोंदवहीत आपल्या नदीतले मासे आणि रानभाज्या लिहून घ्या. त्यांची नावं आपल्यालाच जास्त माहीत आहेत.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं डोहासाठी ठेवा. तीही आपली बचतच आहे.