आपले स्वयंपाकघर : रूप, सोय आणि खर्च

श्रोतेहो, वसंत ऋतूत व्याख्यान ऐकावयास जमलेल्या मंडळींपुढे कोणी स्वयंपाकघराचा विषय घेऊन उभा राहिला, तर काहींना नवल वाटणे साहजिक आहे. साहित्य, राजकारण, अध्यात्म हे व्याख्यानाचे विषय. ओटा, मोरी आणि फडताळ हे गवंड्याशी बोलावयाचे विषय, अशी आपली समजूत असते. परंतु गवंड्याशी तरी त्याविषयी कोण बोलतो? बैठकीची खोली किती लांबरुंद असावी यावर घरातील पुरुष तासन्‌तास वाद घालतात, आणि मग उरलेल्या कोपऱ्यात स्वयंपाकघर बसवून टाकतात. ज्या खोलीत घरातील एक माणूस रोजचे चार-पाच तास विस्तवाशी उभे असते, ती खोली अशी शिल्लक जागेतून निघते. म्हणून आजचा तास मी तिच्यासाठी मागून घेतला आहे.

आपल्या भागात तर या प्रश्नाला आणखी एक धार आहे. नागझिऱ्याचे जंगल आपल्या उशाशी आहे. १९७० साली ते अभयारण्य झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी या फाटकांतून लांबलांबची मंडळी वाघ दिसावा म्हणून आत जातात. त्याच जंगलाच्या कडेने सरपणाची मोळी बांधावयास जाणारी बाई मात्र तो दिसू नये म्हणून देवाचे नाव घेत चालते. ती आठवड्यातून किती वेळा जाते, हे तिच्या गरिबीवर जितके अवलंबून आहे तितकेच तिच्या चुलीच्या रचनेवर आहे. साध्या तीन दगडांच्या किंवा मातीच्या उघड्या चुलीत जळणाऱ्या लाकडाची दहा-बारा टक्केच उष्णता भांड्याला लागते. बाकीची भिंत, हवा आणि रांधणारीचे डोळे यांच्यात वाटली जाते. ज्या चुलीला निम्मे सरपण पुरते, ती चूल जंगलाच्या निम्म्या फेऱ्या वाचविते.

यावर कोणी म्हणेल, आता घरोघर गॅस आला, चुलीची गोष्ट कशाला? गॅस आला हे खरे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. व्याघ्र प्रकल्पाभोवतालच्या गावांसाठी राज्याची जन-वन विकास योजनाही आहे. पण सिलिंडर घरात आला म्हणून चूल विझली असे झालेले नाही. आपल्या खेड्यांतून, आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांतूनही, एक चित्र वारंवार दिसते. पुढच्या खोलीला लागून नवा ओटा, त्यावर काळा गुळगुळीत दगड, भिंतीला फुलाफुलांच्या फरश्या, मधोमध चकचकीत शेगडी. पाहुणा आला की चहा तिथे होतो. आणि मागच्या परसात, टिनाच्या एका पत्र्याखाली, तीन बाजूंनी उघडी अशी जुनी चूल. आंघोळीचे पाणी, दहा माणसांचा भात, तांदळाच्या भाकरी, मोठी आमटी, गुरांचे आंबोण हे सारे तिच्यावर. पावसाळ्यात पत्र्याखाली आडवा पाऊस शिरतो, ओले सरपण धुमसते, आणि बाई डोक्यावर पदर घेऊन फुंकणी फुंकीत बसते. सगळा पैसा चहाच्या ओट्यावर खर्च झाला आणि खऱ्या स्वयंपाकाच्या वाट्याला एक पत्रा आला! रूप, सोय आणि खर्च यांचा तोल बिघडला म्हणजे काय होते, याचा याहून स्पष्ट नमुना मला माहीत नाही.

हा तोल साधण्याचा प्रयत्न आपल्याच विदर्भात फार पूर्वी झालेला आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्याला मगनवाडीत होते आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चालक होते. तेथे मगन चूल तयार झाली. चूल मातीचीच, पण बंद अंगाची. एका विस्तवावर ओळीने दोन-तीन भांडी, आणि शेवटी धूर वर नेणारे धुराडे. ज्वाला पहिल्या भांड्याखालून दुसऱ्याकडे जाते, जाता जाता त्यालाही तापविते, आणि मग बाहेर पडते. आपल्या आज्यांच्या चुलीला वैल असे, त्याचेच हे शास्त्रशुद्ध रूप. माती गावची, हात घरचे, विकत घ्यावयाचे ते धुराड्याचे नळकांडे. स्वस्ताई, सोय आणि निर्मळ भिंती या तिन्ही गोष्टी एका चिखलाच्या गोळ्यात आणण्याची ही कल्पना होती.

पुढे १९८३ च्या सुमारास सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि देशभर कोट्यवधी चुली बसविल्या. २००२ साली तो केंद्राने आवरता घेतला. अशा चुली जागोजाग मोडून का पडल्या, याचे उत्तर उपकरणशास्त्रात शोधण्याची गरज नाही. धुराड्यात काजळी साचते, ती महिना-दोन महिन्यांनी काढावी लागते, आणि ती काढावयास वर हात पोचेल अशी सोय पुष्कळ ठिकाणी नव्हतीच. कुठे चुलीचे तोंड लहान आणि घरचे पातेले मोठे. मग बाईने विळ्याने तोंड कोरून मोठे केले आणि चूल पुन्हा उघडी झाली. रचना करणाऱ्याने पातेले मोजले नव्हते. जी वस्तू रोज साफ करता येत नाही आणि रोजच्या भांड्याला बसत नाही, ती कितीही शास्त्रीय असली तरी सोयीची नव्हे.

मोजमापाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती दूरची आहे, पण आपल्या गोंदिया जंक्शनवरून जाणाऱ्या गाड्यांशी तिचे नाते आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात कामगारांसाठी हजारो घरे बांधावयाची होती आणि पैसा तुटपुंजा होता. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुशास्त्रज्ञ बाईंनी त्या घरांसाठी स्वयंपाकघर आखले. नमुना म्हणून त्यांनी पाहिले आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातील स्वयंपाकघर. एवढ्याशा जागेत शंभर माणसांचे जेवण निघते ते कसे? हातात घड्याळ घेऊन एकेका कामाला किती वेळ आणि किती पावले लागतात, हे मोजले गेले. सुमारे सत्तर चौरस फुटांची ती खोली होती: एका बाजूला शेगडी, दुसऱ्या बाजूला पाणी, खिडकीखाली चिरण्या-निवडण्याचा ओटा, समोर डाळी-पिठांचे ओतता येण्याजोगे डबे. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे झाली. मौज अशी की, बाईंनी स्वतः पुढे मोकळेपणाने सांगितले की, ते आखण्यापूर्वी त्यांनी कधी घर चालविले नव्हते, स्वयंपाकही केला नव्हता. म्हणूनच की काय, त्या खोलीत एकच बाई मावते. सासू-सून, नणंद-भावजय मिळून जेथे पापड लाटतात, त्या आपल्या घरात ते स्वयंपाकघर जसेच्या तसे उचलून आणणे म्हणजे भांडणाला आमंत्रण! घ्यावयाची ती मोजण्याची पद्धत, खोली नव्हे.

तर आपण आपल्या घरी काय मोजावे?

पहिले माप रांधणारीच्या कोपराचे. ती सरळ उभी राहून हात दुमडील तेव्हा कोपर जमिनीपासून किती उंच, हे पाहावे आणि ओटा त्याहून चार-पाच इंच खाली ठेवावा. पाच फूट उंचीच्या बाईचा कोपर सुमारे अडतीस इंचांवर येतो. तिचा ओटा तेहेतीस इंचांच्या आसपास हवा. गवंडी मात्र सवयीने सगळीकडे एकच माप धरतो. शिवाय एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ओट्यावर शेगडी ठेवली की ती पाच-सहा इंच वर जाते, तिच्यावर पातेले आणखी वर, आणि वरण ढवळताना बाईचा खांदा कानापर्यंत येतो. म्हणून शेगडीपुरता ओटा पाच इंच खाली घ्यावा. हा उतार बांधतानाच घेतला तर त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही; नंतर घेणे अशक्य.

दुसरे माप पावलांचे. पाणी, विस्तव आणि साठवण या तीन जागांमध्ये सारी ये-जा असते. पाश्चात्त्य वास्तुशास्त्रज्ञ त्यांना त्रिकोण म्हणतात. आपल्याकडे त्याला चौथा कोपरा आहे, तो जमिनीवरचा. विळी, पाटा-वरवंटा, पोळपाट यांना बसावयास जागा लागते. ओटा आला तसे आपण जमीन विसरलो, आणि मग भाजी चिरावयास बाई दारात येऊन बसते व जाणाऱ्या-येणाऱ्यांना पाय ओलांडावे लागतात. चार फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढी मोकळी जमीन राखून ठेवली, तर हा प्रश्न उरत नाही.

तिसरे माप हवेचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे बत्तीस लाख माणसे मेली. हा आकडा ऐकून खिडकीचा खर्च कोणी टाळू नये. विस्तवाच्या वर, छताजवळ, एक झरोका हवाच. कारण तापलेला धूर वरच जातो. गॅसचे उलट आहे. तो हवेपेक्षा जड असल्याने गळाला तर जमिनीवर पसरतो. म्हणून जमिनीलगतही एक जाळीदार भोक असावे, आणि सिलिंडर शेगडीच्या पातळीच्या खाली, उभा ठेवावा. आपल्याकडे वरच्या झरोक्याची आठवण तरी होते. खालच्या भोकातून साप-विंचू येईल म्हणून ते बुजवितात. बारीक जाळी बसविली की ती भीतीही जाते.

आता रूपाविषयी. मी रूपाचा शत्रू नाही. जुन्या स्वयंपाकघरात लिंबू-राखेने घासलेली पितळेची भांडी मांडणीवर ओळीने चमकत, तीच त्या घराची शोभा होती, आणि तिला वेगळा पैसा लागला नव्हता. हल्ली शोभा विकत आणतात, तेव्हा ती कशाची आहे हे पाहिले पाहिजे. कडाप्पा स्वस्त, काळा आणि दिसावयास भारदस्त. पण तो चुनखडीच्या जातीचा दगड. चिंच, लिंबू, ताक सांडून राहिले की आम्ल त्याला खाते आणि तेथे पांढुरका डाग पडतो. संगमरवराचेही तेच. ग्रॅनाइटला हे भय नाही, म्हणून तो महाग. पण सगळा ओटा ग्रॅनाइटचा कशाला? जेथे चिरणे, मळणे, ओतणे होते तेवढ्या दोन-अडीच फुटांत ग्रॅनाइट आणि बाकी कडाप्पा, अशी वाटणी सहज होते. नजरेला फरक कळतो खरा, पण हाताला कळत नाही.

भिंतीच्या फरश्यांत सांधे जितके जास्त तितकी हळद-तेलाची घाण जास्त. म्हणून फरशी मोठी घ्यावी आणि ओट्यावर दोन फूट एवढीच लावावी. वर चुना. चुन्याची भिंत उजेड परतविते, दरवर्षी दिवाळीला शंभर-दोनशे रुपयांच्या चुन्यात नवी होते, आणि धुराने काळी पडली तर झरोका कमी पडतो आहे हेही सांगते.

ओट्याखाली लाकडी कपाटे आणि सरकते खण करण्याची मोठी हौस आहे. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने उदई! मोरीच्या बाजूचे प्लायवूड दोन पावसाळ्यांत फुगते. त्याऐवजी विटांचे उभे पाय आणि त्यावर कडाप्पाचे आडवे तुकडे असे फडताळ केले, तर खर्च पुष्कळ कमी येतो आणि ते घर असेपर्यंत टिकते. पुढे पडदा लावला की उघडेपणाही दिसत नाही. माझ्या परिचयातील एका घरी सरकत्या खणांवर पैसा संपला आणि खिडकीच्या जागी विजेचा पंखा आला. वीज गेली की ते घर फोडणीने खोकते.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे क्षेत्र पंचवीस चौरस मीटर, म्हणजे सुमारे दोनशे सत्तर चौरस फूट. त्यातच स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे स्वयंपाकघर पाच चौरस मीटरांपेक्षा लहान नसावे. म्हणजे घराचा पाचवा हिस्सा. एवढ्यात तोल साधावयाचा तर खर्चाचा क्रम ठरवावा लागतो, आणि माझ्या मते तो असा असावा: जे भिंतीत जाते त्यावर आधी, म्हणजे खिडकी, झरोका, धुराडे, सांडपाण्याचा उतार. मग ओट्याची उंची व त्याचा दगड. कपाटे, रंग, चकचकीत नळ हे सर्वांत शेवटी, कारण ते पुढच्या पिकाच्या पैशातूनही आणता येतात. भिंत मात्र पुन्हा फोडावी लागते.

आणि परसातली ती चूल? तिची लाज वाटून तिला पत्र्याखाली लोटून देऊ नये. जोवर गुरे आहेत, आंघोळीचे पाणी तापवायचे आहे, मंडईच्या दिवसांत घरी वीस पाहुणे उतरतात आणि सिलिंडर भरून आणावयास एकदम पैसा काढावा लागतो, तोवर ती राहणार. मग तिलाही घरच समजून बांधावे. पावसाळी वारे आपल्याकडे बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येते. म्हणून त्या दोन बाजूंना कमरेच्या वर येणाऱ्या भिंती आणि पूर्वेकडे मोकळे. छप्पर पुढे दोन फूट जास्त काढलेले. चूल मगन चुलीच्या धर्तीची, घरच्या सर्वांत मोठ्या पातेल्याचा बूड मोजून तोंड केलेले. धुराडे छपराच्या कण्याहून दोन फूट वर, नाहीतर वारा धूर पुन्हा खाली दाबतो. आणि त्याच्या तळाशी काजळी काढावयास हात जाईल एवढे झाकणाचे भोक. चुलीच्या मागे, तिच्या उबेला, दोन दिवसांचे सरपण रचता येईल असा हातभर उंचीचा ओटा, म्हणजे भर आषाढातही ऐन-धावड्याचे लाकूड कोरडे मिळते आणि कोरडे लाकूड कमी लागते. एवढ्या कामाला विटा लागतात दीड-दोनशे, माती परसातली, आणि पुढच्या ओट्यावरच्या फुलाफुलांच्या फरश्यांचा एक खोका कमी घेतला की विटांचे पैसे निघतात.