लघवीच्या रिपोर्टमधला एक आकडा

आजचा विषय ऐकून नाक मुरडू नका. लघवीची तपासणी.

माझ्या बाबांना मधुमेह होऊन ११ वर्षं झाली. दरवर्षी रक्त तपासायचं, क्रिएटिनिन नॉर्मल यायचं, म्हणजे किडनी ठीक, असं आम्ही धरून चाललेलो. यंदा डॉक्टरांनी पहिल्यांदाच लघवीचं 'एसीआर' करायला सांगितलं. आकडा आला ८६. हवा होता ३०च्या आत. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत वाचत बसलो.

किडनी म्हणजे गाळणी. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन, ते आतच राहायला हवं. साखर आणि बीपी वर्षानुवर्षं जास्त राहिलं की गाळणी सैल होते आणि अल्ब्युमिन लघवीत झिरपायला लागतं. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा!) तेव्हा क्रिएटिनिन नॉर्मलच असू शकतं. किडनीची बरीच ताकद गेल्यावर ते वाढतं.

मग दरवर्षीच्या 'युरिन रूटीन'मध्ये हे का दिसलं नाही? तिथे रंग बदलणारी पट्टी बुडवतात. एवढं थोडं अल्ब्युमिन तिला बऱ्याचदा कळतच नाही. शिवाय तुम्ही दोन लिटर पाणी पिऊन गेलात तर लघवी पातळ होते, आकडा उगाच कमी येतो. म्हणून एसीआरमध्ये अल्ब्युमिनला लघवीतल्याच क्रिएटिनिनने भागतात. पाण्याने दोन्ही सारखंच पातळ होतं, गुणोत्तर तेच राहतं. आम्हा कोडवाल्यांना हे लगेच पटतं! एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० ते ३०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन म्हणजे गळती सुरू झालीय, त्याच्या वर म्हणजे बरीच वाढलीय.

पण एका रिपोर्टवर घाबरू नका. ताप, लघवीचं इन्फेक्शन, आदल्या दिवशी जिममध्ये काढलेला घाम, पाळी, कशानेही आकडा वाढतो. म्हणून काही महिन्यांत पुन्हा करतात, तीनपैकी दोनदा जास्त आला तरच खरं मानतात. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा, मधल्या धारेचा.

आणि हो, 'शुगर निल' बघून मधुमेह नाही असं समजू नका. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही.

बाबांचा दुसरा आकडा आला ७४, तिसरा ७९. डॉक्टरांनी बीपीची अशी गोळी दिली जी ही गळतीही कमी करते. पुढची तपासणी दिवाळीनंतर. डबी बाबांनी आत्ताच आणून ठेवलीय, फ्रिजवर, आईच्या लोणच्याच्या बरणीशेजारी. त्यावरून घरात वेगळंच भांडण चालू आहे.