जुन्या कॉम्प्युटरवर गेम अडकतोय? ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करण्याआधी हे वाचा

चंद्रपूर/गडचिरोली : मूल, सिंदेवाही, आरमोरी, देसाईगंज किंवा अहेरी, कुठेही जा. अनेक घरांत नागपूरहून आणलेला सेकंडहँड कॉम्प्युटर दिसतो. पोरं त्याच्यावर जीटीए खेळतात, ताई त्याच्यावर महाडीबीटीचा फॉर्म भरते, आणि गावातला फोटोवाला लग्नाचा अल्बमही असल्याच मशीनवर बनवतो. एक दिवस स्क्रीनवर सूचना येते, "नवीन ड्रायव्हर उपलब्ध आहे." मग प्रश्न पडतो, करायचं की राहू द्यायचं? घरात एकच कॉम्प्युटर असेल आणि फॉर्मची शेवटची तारीख जवळ असेल, तर हा प्रश्न लहान नाही.

ड्रायव्हर म्हणजे काय?

कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाला विंडोजची आणि गेमची भाषा समजावून सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. नवीन गेम आला की कंपनी त्यासाठी ड्रायव्हरमध्ये बदल करते, बिघाड दुरुस्त करते, हॅकरला घुसता येईल अशी भोकं बुजवते. पण ड्रायव्हरने कार्डाची ताकद वाढत नाही. दोन जीबीचं कार्ड अपडेट केल्यावर चार जीबीचं होत नाही.

आधी कार्ड कोणतं ते बघा

कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबा. समोर आलेल्या चौकटीत इंग्रजीत 'डीएक्सडायग' टाइप करून एंटर मारा. 'डिस्प्ले' या भागात कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरची तारीख दिसते. ती कागदावर लिहून ठेवा.

आता खालीलपैकी तुमचं कार्ड कुठे बसतं ते पाहा :

• एनव्हिडिया जीटीएक्स ७५० टीआय, ९०० आणि १००० मालिका (१०५० टीआय, १०६० वगैरे) : या कार्डांसाठी नवीन गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. ५८० क्रमांकाची मालिका ही यांची शेवटची. पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील.

• जीटीएक्स १६५०, १६६० आणि आरटीएक्स कार्ड : यांना नवीन ड्रायव्हर अजून मिळतात.

• जीटीएक्स ६०० मालिका, ७०० मालिकेतली बहुतेक कार्डं आणि जीटी ७१० : गेमचे ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबले, सुरक्षेचे अपडेटही २०२४ मध्ये संपले. याला नवीन काही शोधत बसू नका.

• एएमडी आर९ २०० आणि ३०० मालिका : २०२१ पासून जुन्या यादीत टाकली आहेत.

• वेगळं कार्ड नाही, इंटेल सहाव्या ते दहाव्या पिढीचा प्रोसेसर आहे : २०२२ पासून फक्त गरजेच्या दुरुस्त्या येतात.

मग अपडेट कधी करावं?

नवीन गेम सुरूच होत नसेल आणि "ड्रायव्हर जुना आहे" असं तो स्वतः सांगत असेल, तर करा. स्क्रीन मधेच काळी होत असेल किंवा चित्र फाटल्यासारखं दिसत असेल, तरी करून बघायला हरकत नाही. आणि कॉम्प्युटरवर बँकेचं काम, आधारचे कागद, फॉर्म हे सगळं होत असेल, तर सुरक्षेचा अपडेट टाळू नका.

पण तुमचे जुने गेम आणि फोटोचं काम नीट चालू असेल, तर फक्त "वेग वाढेल" या आशेवर मोठं अपडेट करायची गरज नाही. लग्नसराईत अल्बम अर्धा झालेला असताना किंवा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी तर हात लावूच नका.

एक गोष्ट आपल्या भागाची. एप्रिल-मे मध्ये इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. घुग्घुस, बल्लारपूरकडे त्यात कोळशाची धूळ. कार्ड तापलं की ते स्वतःच वेग कमी करतं आणि गेम अडकतो. सकाळी गेम बरा चालतो आणि दुपारी अडकतो, असं होत असेल तर दोष ड्रायव्हरचा नसून बहुधा उष्णतेचा आहे. कॉम्प्युटर बंद करून पंखा ब्लोअरने साफ करा, थर्मल पेस्ट बदलून घ्या.

करायचं ठरलं तर असं करा

१. ड्रायव्हरची फाइल पाऊण ते एक जीबीची असते. दीड जीबीच्या रोजच्या पॅकमधला अर्ध्याहून जास्त नेट त्यात जातो. एटापल्ली, भामरागडकडे रेंजचा भरवसा नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी फाइल पेनड्राइव्हवर उतरवून आणा.

२. फाइल फक्त एनव्हिडिया, एएमडी, इंटेल किंवा लॅपटॉप कंपनीच्याच वेबसाइटवरून घ्या. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर" म्हणणाऱ्या जाहिरातींतून व्हायरस येऊ शकतो.

३. महत्त्वाचे फोटो आणि कागद आधी पेनड्राइव्हवर काढा. विंडोजमध्ये 'रिस्टोर पॉइंट' बनवा.

४. लाइट जाण्याची भीती असेल तर इन्व्हर्टर असतानाच करा. मधे स्क्रीन काही सेकंद काळी होते, घाबरून बटण दाबू नका.

५. नंतर बिघडलं तर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा, 'डिस्प्ले अडॅप्टर' मध्ये कार्डावर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज', मग 'ड्रायव्हर', मग 'रोल बॅक'. जुना ड्रायव्हर परत येतो.

विंडोज १० चं काय?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नावनोंदणी करणाऱ्यांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडून ती सोय दिसते का बघा. विंडोज ११ साठी इंटेल आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. त्यामुळे अनेक सेकंडहँड मशीन त्यात बसत नाहीत. असं मशीन गेमसाठी ठेवा, आणि बँकेचे व्यवहार शक्यतो अपडेट मिळणाऱ्या मोबाइलवर करा.