शेजारी बसून पाहा



समजा, तुमचा धाकटा भाऊ पाच वर्षांचा आहे. तुम्ही शाळेतून घरी येता आणि त्याला हाक मारता. तो मान वर करत नाही. तो जमिनीवर बसून कॅरमच्या सोंगट्या ओळीत मांडत असतो. एक काळी, एक पांढरी, पुन्हा एक काळी, एक पांढरी. तुम्ही गंमत म्हणून मधली एक सोंगटी उचलता. तो किंचाळतो, कानांवर हात ठेवतो आणि रडू लागतो. तुम्हाला फार वाईट वाटते. 'आपण याला आवडतच नाही,' असा विचार तुमच्या मनात येतो.

असे रोज घडू लागले, की अम्मी-अब्बा त्याला डॉक्टरांकडे नेतात. डॉक्टर त्याची नीट तपासणी करतात आणि सांगतात, "हे मूल स्वमग्न आहे."

'स्व' म्हणजे स्वतः आणि 'मग्न' म्हणजे गुंतलेला. स्वमग्न म्हणजे स्वतःमध्येच गुंतलेला. इंग्रजीतील 'ऑटिझम' या शब्दाचा अर्थही जवळजवळ असाच आहे. पण या नावामुळे आपला गैरसमज होऊ नये. अशा मुलाला माणसे नकोशी नसतात. त्याच्या मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने होते. म्हणून पाहणे, ऐकणे, बोलणे आणि इतरांचे मन ओळखणे या गोष्टी त्याच्या बाबतीत वेगळ्या रीतीने घडतात.

सगळी स्वमग्न मुले सारखी नसतात. एखादे मूल खूप बोलते, तर एखादे मुळीच बोलत नाही. एखाद्याला कुकरची शिट्टी सहन होत नाही. एखाद्याला सदऱ्याच्या कॉलरची चिठ्ठी टोचते. ईदच्या दिवशी पाहुण्यांची गर्दी, नवे कपडे आणि फटाक्यांचा आवाज हे सगळे एकदम आले, की असे मूल घाबरून कोपऱ्यात जाऊन बसते. लोक म्हणतात, "किती हट्टी आहे!" पण तो हट्ट नसतो, तो त्रास असतो.

काही लोक म्हणतात, "याला नजर लागली," किंवा "याच्यावर साया पडला." हे खरे नाही. स्वमग्नता हा संसर्गाने होणारा आजार नाही. ती लस टोचल्यामुळे होत नाही. आईने माया कमी केली म्हणूनही होत नाही. एके काळी काही तज्ज्ञ आईलाच दोष देत असत. पुढे संशोधनाने ते चूक ठरवले. मुलासाठी दुआ जरूर करावी, पण डॉक्टरांचा आणि शिक्षकांचा सल्लाही घ्यावा.

मग अशा भावाशी दोस्ती कशी करावी? याचे उत्तर एका खऱ्या गोष्टीत आहे.

अमेरिकेत लिओ कॅनर नावाचे डॉक्टर होते. 1943 साली त्यांनी अशा 11 मुलांची माहिती लिहून प्रसिद्ध केली. त्यांतील पहिला मुलगा होता डोनाल्ड ट्रिपलेट. त्याला मोजण्याचा भारी नाद होता. नऊ वर्षांचा असताना तो एका शेतकरी जोडप्याकडे राहायला गेला. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे. त्या शेतकऱ्याने त्याला रागावून थांबवले नाही. त्याने डोनाल्डच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोजायला सांगितले. विहीर खणायची होती, तेव्हा ती किती खोल झाली हे मोजायचे काम त्याला दिले. काही काळाने डॉक्टर त्याला भेटायला गेले. डोनाल्ड घोडा आणि नांगर किती छान सांभाळतो, हे पाहून ते चकित झाले. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला. त्याने बँकेत नोकरी केली. तो मोटार चालवायला शिकला, देशोदेशी फिरला. 2023 साली त्याचे निधन झाले, तेव्हा तो 89 वर्षांचा होता. प्रत्येक स्वमग्न मूल इतके सगळे करू शकेलच असे नाही. पण त्या शेतकऱ्याने जे केले, ते आपण सर्वजण करू शकतो. मुलाला जे आवडते, तेथूनच त्याने सुरुवात केली.

तुम्हीही तसेच करा. भावाची सोंगटी उचलू नका. त्याच्या शेजारी बसा. थोड्या अंतरावर तुमचीही एक ओळ मांडा. बोलण्याची घाई करू नका. "माझ्याकडे बघ," असा आग्रह धरू नका. डोळ्यांत पाहणे त्याला अवघड जात असेल. दोन-चार दिवसांनी पुढची सोंगटी त्याच्यासमोर धरा. त्याने ती घेतली नाही, तरी रागावू नका. उद्या पुन्हा धरा. त्याने ती घेतली, की खेळ दोघांचा झाला. मग एक सोंगटी त्याची, एक तुमची, अशी पाळी लावता येते.

घरातील कामेही एकत्र करता येतात. अम्मी पोळ्या करत असतील, तर दोघांनी कणकेचे गोळे करावेत. झाडांना पाणी घालावे. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावाव्यात. काम छोटे असावे आणि रोज ठरलेल्या वेळी करावे. पुढे काय होणार हे आधी कळले, की अशा मुलाला धीर येतो. म्हणून कामांची चित्रे काढून क्रमाने भिंतीवर लावा. तुम्ही "पाणी हवे?" असे विचारले आणि तोही "पाणी हवे?" असेच म्हणाला, तर हसू नका. कदाचित तेच त्याचे 'हो' असेल. त्याने कानांवर हात ठेवले, तर खेळ थांबवा. थांबणे हाही दोस्तीचाच भाग आहे.

आपल्या देशात 2016 साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात स्वमग्नतेचाही समावेश आहे. सरकारमान्य शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असे हा कायदा सांगतो. म्हणजे उद्या असे एखादे मूल तुमच्याच वर्गात येईल. कायदा त्याला वर्गात जागा देईल. पण मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी कोण बसणार, हे कायदा ठरवू शकत नाही. ते तुम्हीच ठरवायचे आहे.